रमोन्स (अल्बम)

रमोन्स हा याच नावाच्या अमेरिकन पंक रॉक बँडचा पहिला अल्बम आहे. सायर रेकॉर्ड्स या कंपनीने तो २३ एप्रिल १९७६ रोजी प्रकाशित केला. न्यू यॉर्क शहरातील प्लाझा साउंड या स्टुडिओत अवघ्या सात दिवसांत आणि सुमारे ६,४०० डॉलर खर्चात त्याचे ध्वनिमुद्रण पूर्ण झाले. अल्बममध्ये चौदा गाणी असून त्यांची एकूण लांबी सुमारे २९ मिनिटे आहे. क्रेग लिऑन हे निर्माते होते, तर बँडचा ड्रमवादक टॉमी रमोन हा सहयोगी निर्माता होता.

प्रकाशनाच्या वेळी समीक्षकांनी अल्बमचे कौतुक केले, परंतु त्याची विक्री कमी झाली. अमेरिकेतील 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या अल्बमच्या यादीत त्याला १११व्या क्रमांकापलीकडे जाता आले नाही. पुढील काळात मात्र तो पंक रॉकच्या पायाभूत कलाकृतींपैकी एक मानला जाऊ लागला. कमी स्वर, वेगवान ठेका, छोटी गाणी आणि एकल वादनाचा अभाव ही त्याची वैशिष्ट्ये वादकांच्या अकुशलतेतून आली, असा समज अनेक वर्षे प्रचलित होता. ध्वनिमुद्रणाचा तपशील पाहता ही मांडणी बऱ्याच अंशी हेतुपुरस्सर केलेली होती असे दिसते.

पार्श्वभूमी

बँडचे चारही सदस्य न्यू यॉर्क शहराच्या क्वीन्स विभागातील फॉरेस्ट हिल्स या मध्यमवर्गीय वस्तीतले होते. गायक जोई रमोन (जेफ्री हायमन), गिटारवादक जॉनी रमोन (जॉन कमिंग्ज), बास गिटारवादक डी डी रमोन (डग्लस कोल्विन) आणि ड्रमवादक टॉमी रमोन (टॉमस एर्डेली) हे एकमेकांचे नातेवाईक नव्हते. बीटल्सच्या सुरुवातीच्या दिवसांत पॉल मॅकार्टनी काही काळ 'पॉल रमोन' हे टोपणनाव वापरत असे. त्यावरून डी डीने हे आडनाव घेतले आणि नंतर चौघांनीही ते स्वीकारले.

जॉनी बांधकामावर काम करीत असे. जानेवारी १९७४ मध्ये त्याने मॅनहॅटनमधील एका दुकानातून मॉसराइट कंपनीची जुनी गिटार सुमारे ५० डॉलरना विकत घेतली. ३० मार्च १९७४ रोजी बँडचा पहिला कार्यक्रम झाला. त्या वेळी बँडमध्ये तिघेच होते. डी डी बास वाजवून गात असे आणि जोई ड्रम वाजवीत असे. टॉमी तेव्हा व्यवस्थापकाची भूमिका पार पाडत होता. गाताना बास वाजवणे डी डीला कठीण जात असल्याचे लक्षात आल्यावर टॉमीने जोईला गायक होण्यास सुचवले. नवा ड्रमवादक शोधण्यासाठी अनेकांची चाचणी घेण्यात आली, पण हवा असलेला सरळ, अखंड ठेका कोणाकडूनच मिळेना. येणाऱ्यांना तो ठेका समजावून सांगता सांगता टॉमी स्वतःच ड्रमवादक झाला.

टॉमीचा जन्म १९४९ मध्ये बुडापेस्ट येथे झाला होता. लहानपणीच तो आईवडिलांसोबत अमेरिकेत आला. बँड स्थापन होण्यापूर्वी त्याने न्यू यॉर्कमधील रेकॉर्ड प्लांट या स्टुडिओत सहायक ध्वनिअभियंता म्हणून काम केले होते. जिमी हेंड्रिक्सच्या ध्वनिमुद्रणाच्या वेळीही तो तेथे होता. त्यामुळे बँडचा आवाज तबकडीवर कसा उतरावा याविषयी विचार करणारा अनुभवी माणूस बँडमध्येच होता.

१९७०च्या दशकाच्या मध्यास रॉक संगीत मोठ्या क्रीडांगणांकडे वळले होते. दीर्घ गाणी, गुंतागुंतीची रचना, लांबलचक एकल वादन आणि महिनोन्‌महिने चालणारे ध्वनिमुद्रण ही त्याची ओळख बनली होती. दुसरीकडे १९७५ मध्ये न्यू यॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचले होते. मॅनहॅटनमधील बावरी हा भाग बेघर आणि व्यसनाधीन लोकांची वस्ती म्हणून ओळखला जात असे. तेथेच हिली क्रिस्टल यांच्या सीबीजीबी या छोट्या क्लबमध्ये स्वतःची गाणी लिहिणाऱ्या नव्या बँडना व्यासपीठ मिळाले. टेलिव्हिजन, पॅटी स्मिथ, ब्लॉंडी आणि टॉकिंग हेड्स हे कलाकार याच क्लबमधून पुढे आले. रमोन्सने तेथील पहिला कार्यक्रम १६ ऑगस्ट १९७४ रोजी केला. त्यांचे सुरुवातीचे कार्यक्रम पंधरा-वीस मिनिटांतच संपत. दोन गाण्यांच्या मध्ये डी डी आकडे मोजून पुढच्या गाण्याला सुरुवात करून देई, टाळ्यांसाठी कोणी थांबत नसे.

सायर रेकॉर्ड्सशी करार

१९७५ मध्ये मार्टी थाऊ यांच्या देखरेखीखाली बँडने दोन गाण्यांचे नमुना ध्वनिमुद्रण केले. 'जूडी इज अ पंक' आणि 'आय वॉना बी युअर बॉयफ्रेंड' ही ती गाणी. त्याच वर्षी डॅनी फील्ड्स यांनी सीबीजीबीमध्ये बँडला ऐकले. फील्ड्स यांनी यापूर्वी एमसी५ आणि स्टूजेस या बँडना इलेक्ट्रा कंपनीशी करार मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला होता. व्यवस्थापक होण्याचे त्यांनी मान्य केले, तेव्हा बँडने नव्या ड्रम संचासाठी ३,००० डॉलरची मागणी केली. ही रक्कम फील्ड्स यांनी फ्लोरिडात राहणाऱ्या आपल्या आईकडून आणली.

सायर रेकॉर्ड्स ही कंपनी सिमूर स्टाइन आणि रिचर्ड गॉटरर यांनी १९६६ मध्ये स्थापन केली होती. कंपनीत नव्या कलाकारांचा शोध घेणाऱ्या क्रेग लिऑन यांनी १९७५च्या उन्हाळ्यात रमोन्सला ऐकले आणि त्यांना करारबद्ध करण्याचा आग्रह धरला. स्टाइन यांच्या पत्नी लिंडा स्टाइन याही बँडच्या समर्थक होत्या. पुढे त्या फील्ड्स यांच्यासोबत बँडच्या सहव्यवस्थापक झाल्या. कंपनीने प्रथम केवळ एका एकल तबकडीचा प्रस्ताव ठेवला. बँडने तो नाकारून संपूर्ण अल्बमची मागणी केली आणि ती मान्य झाली. त्यांच्या कार्यक्रमाचा परिणाम एकामागून एक येणाऱ्या गाण्यांच्या साखळीतून होत असल्याने दोन गाण्यांच्या तबकडीत तो उतरण्याची शक्यता कमी होती.

पॅटी स्मिथ यांचा 'हॉर्सेस' हा अल्बम नोव्हेंबर १९७५ मध्येच प्रकाशित झाला होता. त्यामुळे सीबीजीबीच्या वर्तुळातील पहिला अल्बम रमोन्सचा नव्हता. मात्र त्या वर्तुळातील सर्वांत वेगवान आणि सर्वांत काटकसरी संगीत प्रथमच त्यांच्यामुळे तबकडीवर आले.

ध्वनिमुद्रण

१९७६च्या प्रारंभी प्लाझा साउंड येथे काम सुरू झाले. हा स्टुडिओ रेडिओ सिटी म्युझिक हॉल या प्रसिद्ध नाट्यगृहाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होता. वाद्यांचे ध्वनिमुद्रण तीन दिवसांत आणि गायनाचे चार दिवसांत पूर्ण झाले. रॉब फ्रीमन हे ध्वनिअभियंता होते.

इतक्या कमी वेळात काम होण्यामागे पूर्वतयारी हे प्रमुख कारण होते. बँड दीड वर्षाहून अधिक काळ बहुतेक हीच गाणी मंचावर वाजवीत होता. प्रत्येक गाण्याचा वेग, सुरुवात आणि शेवट ठरलेला होता. स्टुडिओत नवे काही रचायचे नव्हते. अल्बमच्या ध्वनिमुद्रणासाठी मोठ्या रकमा खर्च होण्याच्या त्या काळात ६,४०० डॉलर ही रक्कम अत्यल्प होती.

अल्बमच्या ध्वनिरचनेचा केंद्रबिंदू जॉनीची गिटार आहे. तो प्रामुख्याने संपूर्ण तारांवर बोट आडवे दाबून वाजवले जाणारे कॉर्ड वापरी आणि तारांवरील प्रत्येक आघात वरून खालीच करी. साधारणपणे गिटारवादक जलद लयीत हात खाली-वर असा दोन्ही दिशांनी फिरवतात, त्यामुळे श्रम निम्मे होतात. केवळ खालच्या दिशेने केलेल्या आघातांत प्रत्येक ठोका सारख्याच जोराचा येतो आणि ध्वनीची सलग भिंत तयार होते. हे तंत्र ऐकायला सोपे वाटले तरी त्या वेगाने ते सतत टिकवण्यासाठी मनगटाची मोठी सहनशक्ती लागते. अल्बममध्ये पारंपरिक अर्थाने गिटारचे एकल वादन नाही.

टॉमीच्या ड्रमवादनातही हेच तत्त्व दिसते. ठेका सरळ असून त्यात सजावटीच्या जागा फारच थोड्या आहेत. बास बहुतेक ठिकाणी गिटारच्या मूळ स्वरांना समांतर चालतो. या तिन्ही वाद्यांच्या एकसंध पार्श्वभूमीवर जोईचे गायन उठून दिसते. त्याच्या गायनावर १९६०च्या दशकातील ब्रिटिश बँड आणि अमेरिकेतील मुलींच्या गायनसमूहांचा प्रभाव आहे. अनेक ठिकाणी त्याचा आवाज दोनदा ध्वनिमुद्रित करून एकावर एक बसवण्यात आला.

अल्बमचे स्टिरिओ मिश्रण नेहमीपेक्षा वेगळे आहे. गिटार उजव्या बाजूला, बास डाव्या बाजूला आणि ड्रम व गायन मध्यभागी ठेवलेले आहे. बीटल्सच्या सुरुवातीच्या तबकड्यांच्या स्टिरिओ आवृत्त्यांत वाद्ये आणि आवाज अशाच प्रकारे दोन बाजूंना विभागलेले असत, त्यांचा हा उघड संदर्भ होता. एका बाजूचा ध्वनिक्षेपक बंद केल्यास श्रोत्याला गिटार किंवा बास वगळून उरलेला बँड ऐकू येतो. हौशी वादकांना त्यामुळे गाण्यांतील एकेक वाद्य वेगळे ऐकून शिकता आले. लिऑन यांची मूळ कल्पना एकध्वनी, म्हणजे मोनो आवृत्तीही काढण्याची होती. ती चाळीस वर्षांनंतर, २०१६ मध्ये प्रकाशित झालेल्या विशेष आवृत्तीत प्रत्यक्षात आली.

कमी खर्चातही काही बारकावे जपलेले आढळतात. 'आय वॉना बी युअर बॉयफ्रेंड' या संथ गाण्यात घंटांसारखा नाद असलेल्या वाद्यांचा वापर आहे. 'चेन सॉ' या गाण्याची सुरुवात यांत्रिक करवतीच्या आवाजाने होते. 'लेट्स डान्स' या गाण्यात लिऑन यांनी नाट्यगृहातील भव्य पाइप ऑर्गन वाजवला. जोईचा भाऊ मिकी ली याने काही गाण्यांत साथीचे गायन केले, मात्र मूळ आवरणावर त्याचे नाव छापलेले नव्हते.

गाण्यांचे विषय

अल्बममधील एकही गाणे तीन मिनिटांपर्यंत पोहोचत नाही. सर्वांत छोटे 'जूडी इज अ पंक' सुमारे दीड मिनिटाचे आहे. मूळ आवरणावर गीतलेखनाचे श्रेय कोणा एकाला न देता संपूर्ण बँडला देण्यात आले होते. प्रत्यक्षात बहुतेक गाणी डी डी, जोई आणि टॉमी यांनी लिहिली होती.

पहिले गाणे 'ब्लिट्झक्रीग बॉप' हे मुख्यतः टॉमीने रचले आणि त्याचे नाव डी डीने सुचवले. कार्यक्रमाला उत्सुक असलेल्या तरुण गर्दीचे ते वर्णन आहे. त्याच्या आरंभीची घोषणा बे सिटी रोलर्स या स्कॉटिश बँडच्या 'सॅटरडे नाइट' या लोकप्रिय गाण्यावरून सुचली होती. 'बीट ऑन द ब्रॅट' हे गाणे फॉरेस्ट हिल्समधील सुखवस्तू घरांतील लाडावलेल्या मुलांना पाहून जोईने लिहिले. 'चेन सॉ' हे १९७४च्या 'द टेक्सस चेन सॉ मॅसेकर' या भयपटावर, तर 'हवाना अफेअर' हे क्यूबन व्यंगचित्रकार अँतोनियो प्रोहियास यांच्या 'मॅड' नियतकालिकातील हेरांच्या चित्रमालिकेवर आधारलेले आहे. स्वस्त भयपट, चित्रकथा आणि दूरचित्रवाणीवरील युद्धपट या सामग्रीचा वापर बँडने कसलाही अभिनिवेश न बाळगता केला.

'फिफ्टी-थर्ड अँड थर्ड' हे डी डीचे गाणे यांहून वेगळे आहे. मॅनहॅटनमधील ५३वा मार्ग आणि तिसरा अव्हेन्यू यांचा चौक त्या काळी पुरुषांच्या देहविक्रयासाठी ओळखला जात असे. तेथे उभ्या असलेल्या, कोणीही न निवडलेल्या तरुणाचे हे कथन हिंसेत संपते. अल्बमच्या विनोदी वातावरणात ते अचानक येते आणि त्यामुळे अधिक अस्वस्थ करते.

'नाऊ आय वॉना स्निफ सम ग्लू' या गाण्यात गोंद हुंगून नशा करणाऱ्या कंटाळलेल्या मुलांचे चित्रण आहे. ब्रिटनमध्ये ते वादग्रस्त ठरले आणि स्कॉटलंडमधील एका संसद सदस्याने अल्बमवर बंदीची मागणी केली.

शेवटच्या 'टुडे युअर लव्ह, टुमॉरो द वर्ल्ड' या गाण्यातील नाझी प्रतिमांमुळे कंपनीतच मतभेद झाले. ज्यू असलेल्या सिमूर स्टाइन यांनी मूळ शब्दांवर आक्षेप घेतला आणि बँडने काही ओळी बदलल्या. डी डीचे वडील अमेरिकन सैन्यात होते आणि त्याचे बालपण जर्मनीत गेले होते, तेथील युद्धाच्या अवशेषांचे त्याला आकर्षण होते. जोई ज्यू होता. टॉमीचे आईवडील ज्यू वंशसंहारातून वाचलेले होते आणि त्याचे अनेक नातेवाईक त्यात मारले गेले होते. या गाण्याकडे काही समीक्षकांनी निव्वळ धक्का देण्याचा प्रयत्न म्हणून, तर काहींनी हुकूमशाहीच्या भाषेची टर उडवणारे विडंबन म्हणून पाहिले आहे.

'लेट्स डान्स' हे एकमेव गाणे बाहेरचे आहे. गायक क्रिस मॉन्टेझ याने ते १९६२ मध्ये लोकप्रिय केले होते. बँडला कोणत्या परंपरेशी नाते सांगायचे होते ते या निवडीवरून स्पष्ट होते. त्यांच्या दृष्टीने रॉक संगीत पुन्हा १९६०च्या दशकाच्या आरंभीच्या अडीच मिनिटांच्या गाण्याकडे नेणे आवश्यक होते.

आवरण

बीटल्सच्या 'मीट द बीटल्स!' या अल्बमसारखे आवरण असावे, अशी बँडची सुरुवातीची इच्छा होती. त्यासाठी कंपनीने सुमारे २,००० डॉलर खर्चून छायाचित्रे काढून घेतली, परंतु ती कोणालाच पसंत पडली नाहीत. अखेर रोबर्टा बेली यांनी 'पंक' या नव्या नियतकालिकासाठी काढलेले एक कृष्णधवल छायाचित्र निवडण्यात आले. त्यासाठी त्यांना १२५ डॉलर मिळाले.

हे छायाचित्र बावरीजवळील अल्बर्ट्स गार्डन या छोट्या बागेतील विटांच्या भिंतीपुढे काढलेले आहे. डावीकडून अनुक्रमे जॉनी, टॉमी, जोई आणि डी डी उभे आहेत. चामडी जाकिटे, गुडघ्यावर फाटलेल्या जीन्स आणि कापडी बूट असा त्यांचा पोशाख आहे. कोणाच्याही चेहऱ्यावर हास्य नाही. हा पोशाख पुढे पंक रॉकचा जवळजवळ गणवेश बनला. मागील बाजूस कलाकार आर्तुरो वेगा यांनी काढलेले, गरुडाचे चिन्ह असलेल्या कमरपट्ट्याच्या बकलाचे छायाचित्र आहे. वेगा यांनीच पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवर आधारित असे बँडचे वर्तुळाकार बोधचिन्ह तयार केले.

प्रकाशन आणि प्रतिसाद

अल्बम प्रकाशित झाला त्या वेळी सायरच्या तबकड्यांचे वितरण एबीसी रेकॉर्ड्स ही कंपनी करीत असे. 'ब्लिट्झक्रीग बॉप' आणि 'आय वॉना बी युअर बॉयफ्रेंड' ही गाणी एकल तबकड्यांच्या रूपाने निघाली, पण अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत दोन्हींना स्थान मिळाले नाही. रेडिओ केंद्रांनी त्यांच्याकडे बहुतांशी दुर्लक्ष केले.

समीक्षकांचा प्रतिसाद मात्र अनुकूल होता. 'द व्हिलेज व्हॉइस' या साप्ताहिकात रॉबर्ट ख्रिस्गाऊ यांनी अल्बमला 'ए' श्रेणी दिली, तथापि नाझी प्रतिमांविषयीची अस्वस्थताही त्यांनी नोंदवली. 'रोलिंग स्टोन' नियतकालिकात पॉल नेल्सन यांनी अनुकूल परीक्षण लिहिले. समीक्षकांची ही दाद आणि ग्राहकांची उदासीनता यांतील अंतर बँडच्या पुढील संपूर्ण वाटचालीत कायम राहिले.

ब्रिटनमधील परिणाम

४ जुलै १९७६ रोजी, अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, रमोन्सने लंडनमधील राउंडहाऊस येथे कार्यक्रम केला. त्यांच्यासोबत फ्लेमिन ग्रूव्हीज आणि स्ट्रँग्लर्स हे बँड होते. न्यू यॉर्कमध्ये लहान क्लबात वाजवणाऱ्या बँडसमोर येथे मोठ्या सभागृहातील गर्दी होती. दुसऱ्या दिवशी डिंगवॉल्स या क्लबमध्ये त्यांचा आणखी एक कार्यक्रम झाला.

राउंडहाऊसच्या कार्यक्रमाला सेक्स पिस्टल्स आणि क्लॅश हे बँड उपस्थित होते, असे अनेकदा लिहिले जाते. परंतु त्याच रात्री हे दोन्ही बँड शेफील्ड येथे कार्यक्रम करीत होते आणि क्लॅशचा तो पहिलाच कार्यक्रम होता. त्यांच्या सदस्यांची रमोन्सशी भेट दुसऱ्या दिवशी डिंगवॉल्स येथे झाली. ६ जुलै रोजी डॅम्ड या बँडने लंडनमधील हंड्रेड क्लब येथे आपला पहिला कार्यक्रम केला.

ब्रिटिश पंक रमोन्समुळेच जन्माला आले असे म्हणता येत नाही. सेक्स पिस्टल्स नोव्हेंबर १९७५ पासून कार्यक्रम करीत होते. मात्र १९७६च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधील नव्या वादकांना घरी बसून ऐकता येईल आणि सोबत वाजवता येईल अशी या संगीताची तबकडी म्हणजे प्रामुख्याने रमोन्सचा अल्बम होती. मार्क पेरी याने जुलै १९७६ मध्ये सुरू केलेल्या 'स्निफिन ग्लू' या हस्तनिर्मित नियतकालिकाचे नावच अल्बममधील गाण्यावरून घेतले होते. फेब्रुवारी १९७७ मध्ये डॅम्डचा, एप्रिलमध्ये क्लॅशचा आणि ऑक्टोबरमध्ये सेक्स पिस्टल्सचा पहिला अल्बम प्रकाशित झाला. रमोन्सनेही १९७७ या एकाच वर्षात 'लीव्ह होम' आणि 'रॉकेट टू रशिया' हे दोन अल्बम काढले.

वारसा

रमोन्सने १९७४ ते १९९६ या काळात २,२६३ कार्यक्रम केले. ६ ऑगस्ट १९९६ रोजी लॉस एंजेलिस येथे त्यांचा अखेरचा कार्यक्रम झाला. बँडला अपेक्षित असलेले व्यापारी यश त्यांना अमेरिकेत कधीच मिळाले नाही आणि उपजीविकेचा मुख्य आधार दौरे हाच राहिला.

पहिल्या अल्बमची प्रतिष्ठा मात्र सतत वाढत गेली. १९९२ मध्ये स्क्रीचिंग विझल या शिकागोच्या बँडने हा संपूर्ण अल्बम नव्याने वाजवून प्रकाशित केला. 'रोलिंग स्टोन'ने २००३ मध्ये तयार केलेल्या सार्वकालिक ५०० श्रेष्ठ अल्बमच्या यादीत तो ३३व्या क्रमांकावर होता, तर २०२०च्या यादीत ४७व्या. २०१२च्या निवडीत अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याचा समावेश राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत केला. सांस्कृतिक किंवा ऐतिहासिक महत्त्व असलेली ध्वनिमुद्रणे जतन करण्यासाठी ही नोंदवही ठेवली जाते. 'ब्लिट्झक्रीग बॉप'ची आरंभीची घोषणा अमेरिकेतील क्रीडासामन्यांत प्रेक्षकांना चेतवण्यासाठी वापरली जाऊ लागली. ज्या काळात ते गाणे रेडिओवर वाजत नव्हते त्या काळाशी तुलना करता हा बदल लक्षणीय आहे.

ही मान्यता सदस्यांपर्यंत उशिरा पोहोचली. जोईचे १५ एप्रिल २००१ रोजी लसिका ग्रंथींच्या कर्करोगाने निधन झाले. १८ मार्च २००२ रोजी बँडचा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा तो हयात नव्हता. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ५ जून २००२ रोजी, डी डीचा हेरॉइनच्या अतिसेवनाने मृत्यू झाला. जॉनीचे १५ सप्टेंबर २००४ रोजी कर्करोगाने निधन झाले. अमेरिकेत पाच लाख प्रतींसाठी दिले जाणारे सुवर्ण प्रमाणपत्र या अल्बमला २०१४च्या एप्रिलमध्ये, म्हणजे प्रकाशनानंतर अडतीस वर्षांनी मिळाले. त्या वेळी मूळ चौघांपैकी केवळ टॉमी हयात होता. ११ जुलै २०१४ रोजी त्याचेही निधन झाले.

गाण्यांची यादी

पहिली बाजू
१. ब्लिट्झक्रीग बॉप
२. बीट ऑन द ब्रॅट
३. जूडी इज अ पंक
४. आय वॉना बी युअर बॉयफ्रेंड
५. चेन सॉ
६. नाऊ आय वॉना स्निफ सम ग्लू
७. आय डोन्ट वॉना गो डाउन टू द बेसमेंट

दुसरी बाजू
८. लाउडमाउथ
९. हवाना अफेअर
१०. लिसन टू माय हार्ट
११. फिफ्टी-थर्ड अँड थर्ड
१२. लेट्स डान्स
१३. आय डोन्ट वॉना वॉक अराउंड विथ यू
१४. टुडे युअर लव्ह, टुमॉरो द वर्ल्ड

कलाकार आणि तंत्रज्ञ

जोई रमोन – मुख्य गायन
जॉनी रमोन – गिटार
डी डी रमोन – बास गिटार, साथीचे गायन
टॉमी रमोन – ड्रम, सहयोगी निर्मिती (टी. एर्डेली या नावाने)
क्रेग लिऑन – निर्मिती
रॉब फ्रीमन – ध्वनिअभियंता
रोबर्टा बेली – आवरणाचे छायाचित्र
आर्तुरो वेगा – मागील बाजूचे छायाचित्र